घोर अपराधाचा आरोप आणि जामीन

एखाद्या गांवीं खून होतो, दोन दिवसांत संशयित इसम पकडला जातो, आणि तिसऱ्या दिवशीं चावडीवर, बाजारांत व आगगाडीच्या डब्यांत एकच प्रश्न ऐकूं येतो : त्याला जामीन मिळेल काय? मिळाला, तर लोक म्हणतात, "आतां न्याय म्हणून कांहीं उरला नाहीं." न मिळाला, तर म्हणतात, "बरी शिक्षा झाली!" विचार करूं गेल्यास हीं दोन्ही विधानें चुकीचीं आहेत. जामीन मिळाल्यानें आरोपी निर्दोष ठरत नाहीं, आणि जामीन न मिळाल्यानें तो दोषीही ठरत नाहीं. हा भेद वाचकांच्या मनांत ठसावा, आणि ज्यास आपण निकालापूर्वींच तुरुंगांत ठेवतों त्याच्यासंबंधानें समाजाच्या शिरावर कोणतें ऋण येतें हेंही त्यांस कळावें, एवढ्याच हेतूनें आम्हीं हा विषय हातीं घेतला आहे. आमचे विद्यार्थी उद्यांचे नागरिक आहेत. त्यांपैकीं कोणी वकील होतील, कोणी पोलिस अधिकारी होतील, कोणास साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहावें लागेल. आणि वर्तमानपत्र वाचून मत तर प्रत्येकजणच बनवील.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. जामीन हा शब्द आपल्या भाषेंत अरबी-फारशींतून आला, परंतु ती कल्पना त्याहून जुनी आहे. संस्कृतांत जामिनास प्रतिभू म्हणत. याज्ञवल्क्यस्मृतींत प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले आहेत : मनुष्यास वेळेवर हजर करण्याबद्दलचा, त्याच्या भरंवशाबद्दलचा, आणि त्याचें देणें फेडण्याबद्दलचा. आपल्या जुन्या मराठी व्यवहारांतही हाजीरजामीन आणि मालजामीन असे निराळे शब्द होते. मालजामीन पैशाची हमी घेई; हाजीरजामीन माणसाची हमी घेई. फौजदारी खटल्यांत आपण ज्यास जामीन म्हणतों तो मूलतः हाजीरजामीन होय. "बोलावाल त्या दिवशीं हा मनुष्य तुमच्यापुढें उभा राहील," एवढेंच तें वचन. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस ही कल्पना नवी नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत यहूदा आपल्या धाकट्या भावास मिसर देशीं नेतांना बापाजवळ स्वतः जामीन राहतो; आणि प्रेषितांच्या कृत्यांत थेस्सलनीका नगराचे अधिकारी यासोनाकडून व इतरांकडून जामीन घेऊन त्यांस सोडून देतात.

आतां हें वचन कोणाकडून घ्यावें आणि कोणाकडून घेऊं नये, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. इंग्लंडांत १२७५ सालीं वेस्टमिन्स्टर येथें झालेल्या कायद्यानें जामिनावर सोडण्याजोगे कैदी कोणते व न सोडण्याजोगे कोणते हें ठरवून दिलें. मनुष्यवधाचा आरोप असलेले दुसऱ्या वर्गांत पडत. इंग्रजी अमदानींत हिंदुस्थानास जी फौजदारी कामकाजाची संहिता मिळाली तिच्यांतही हा भेद आला, व तो आजतागायत चालत आहे. १९७३ सालच्या संहितेच्या जागीं १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलांत आली. कलमांचे आंकडे बदलले, परंतु ह्या बाबतींतील मुख्य तत्त्वें तींच राहिलीं.

ह्या कायद्याप्रमाणें गुन्ह्यांचे दोन वर्ग आहेत. जामीनपात्र गुन्ह्यांत जामीन हा आरोपीचा हक्क असतो. तो द्यावा कीं न द्यावा, हें अधिकाऱ्याच्या मर्जीवर नसतें. अजामीनपात्र गुन्ह्यांत तो हक्क नसून न्यायालयाच्या विवेकाचा प्रश्न असतो. "अजामीनपात्र" ह्याचा अर्थ जामीन कधींच मिळणार नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. मात्र ज्या गुन्ह्यास देहान्ताची किंवा जन्मठेपेची शिक्षा आहे, तो आरोपीनें केला असावा असें मानण्यास वाजवी कारण दिसल्यास, संहितेच्या ४८० व्या कलमानें मॅजिस्ट्रेटाचे हात बांधले आहेत : त्यानें अशा इसमास सोडूं नये. त्यासही अपवाद ठेवले आहेत. आरोपी अल्पवयीन असेल, स्त्री असेल, आजारी किंवा अशक्त असेल, तर त्यास सोडतां येतें. सत्र न्यायालयाचे व उच्च न्यायालयाचे अधिकार ४८३ व्या कलमानें याहून विस्तृत आहेत, आणि खुनाच्या खटल्यांतील जामिनाचा खरा वाद बहुधा तेथेंच होतो.

हा विवेक न्यायाधीश कसा चालवितात? सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालापासून अनेक निकालांत सांगितलेल्या कसोट्या थोडक्यांत अशा : आरोप किती गंभीर आहे व त्यास शिक्षा काय; पुरावा प्रथमदर्शनीं कसा दिसतो; आरोपी पळून जाण्याचा संभव आहे काय; तो साक्षीदारांस धमकावील किंवा पुरावा नाहींसा करील काय; सुटल्यावर पुन्हां तसाच अपराध करील काय; आणि समाजाचें व्यापक हित कशांत आहे. ह्या कसोट्यांचा अर्थ नुसत्या शब्दांनीं कळत नाहीं, म्हणून एक काल्पनिक प्रसंग घेऊं.

समजा, दोन भाऊबंदांत शेताच्या बांधावरून कित्येक वर्षांचा तंटा आहे. एके दिवशीं सायंकाळीं त्यांपैकीं एकजण कोयत्याच्या वारांनीं ठार होतो. ही घटना डोळ्यांनीं पाहणारा एकच मनुष्य आहे, आणि तो आहे आरोपीच्या घरचा सालगडी. त्याची झोंपडी आरोपीच्या जमिनींत, त्याच्या अंगावर आरोपीची उचल, त्याच्या बायकोस मजुरी आरोपीच्या मळ्यांत. पोलिसांपुढें त्यानें धैर्य करून खरें सांगितलें. आतां आरोपी जामिनावर सुटून घरीं आला, तर काय होईल? आरोपीनें हात उचलण्याची गरज नाहीं. शब्दही बोलण्याची गरज नाहीं. सकाळीं तो आपल्या ओट्यावर येऊन बसला, आणि सालगड्यास समोरून जावें लागलें, एवढें पुरे आहे. सहा महिन्यांनीं न्यायालयांत तोच साक्षीदार म्हणेल, "साहेब, अंधार होता, मला कांहीं दिसलें नाहीं." मग ज्या विधवेचा नवरा गेला तिला न्याय कोठून मिळणार? घोर अपराधांत जामीन नाकारण्याचें सर्वांत बळकट कारण हेंच. तेथें आरोपीवर सूड घ्यावयाचा नसतो. सत्य बोलूं पाहणाऱ्या दुबळ्या माणसाच्या जिभेवरील दडपण दूर ठेवावयाचें असतें.

हा विचार केवळ खेड्यापुरता नाहीं. दिल्लींतील कांहीं पोलिस अधिकाऱ्यांवर एका दरोडेखोरास ताब्यांत असतांना ठार मारल्याचा आरोप आला होता. सत्र न्यायाधीशानें त्यांस जामीन दिला, उच्च न्यायालयानें तो रद्द केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. १९७७ सालच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानें जामीन रद्द करण्याचा हुकूम कायम ठेवला. साक्षीदारांत पोलिस खात्यांतील माणसें होतीं, आणि आरोपींचें त्यांच्यावर वजन पडण्याचा धोका न्यायालयास दिसला. येथें ज्यांस जामीन नाकारला गेला ते दरिद्री किंवा निराधार नव्हते. कायद्याचेच अधिकारी होते. आरोपी जितका वजनदार, तितकी ही भीति अधिक, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

परंतु हीच कसोटी दुसऱ्या बाजूनेंही लागू पडते. धोका दूर करण्याचा सौम्य उपाय असेल, तर कठोर उपाय योजूं नये. त्याच सुमारास आंध्रांतील एका खुनाच्या खटल्यांत न्या. कृष्ण अय्यर ह्यांनीं अपील चालू असतांना कैद्यांस जामीन दिला. मात्र त्यांनीं आपल्या गांवापासून दूर राहावें व पोलिस ठाण्यांत हजेरी द्यावी, अशा अटी घातल्या. गांवांतील वैर पुन्हां पेटूं नये, आणि माणसेंही विनाकारण कोंडून राहूं नयेत, असे दोन्ही हेतु ह्या एका हुकुमानें साधले. आमच्या काल्पनिक प्रसंगांतही न्यायाधीशानें प्रथम हेंच पाहिलें पाहिजे कीं, आरोपीस तालुक्याबाहेर राहावयास लावून त्या सालगड्याचें रक्षण होईल काय. होत असेल, तर तसें करावें. आरोपीची माणसें तेथेंच आहेत, उचलीचा कागद त्यांच्या हातीं आहे, आणि म्हणून तसें होणार नाहीं असें दिसत असेल, तर जामीन नाकारावा. साक्षीदाराचें रक्षण हें केवळ आरोपीस कोंडूनच करावयाचें असतें असेंही नाहीं. २०१८ सालच्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें साक्षीदार संरक्षणाची एक योजना सर्व राज्यांस लागू केली, आणि नव्या संहितेनें तर राज्य सरकारांवर अशी योजना करण्याचें बंधनच घातलें आहे. ही योजना जितकी खरोखर चालेल, तितकी जामीन नाकारण्याची गरज कमी पडेल.

येथवर जामीन नाकारण्याचीं रास्त कारणें पाहिलीं. आतां जीं रास्त नव्हेत तीं पाहूं. लोक फार संतापले आहेत, हें कारण पुरेसें नाहीं. "थोडे दिवस आंत राहूं द्या, म्हणजे अद्दल घडेल," हें तर मुळींच कारण नव्हे. कारण अद्दल ही शिक्षा आहे, आणि शिक्षा निकालानंतर येते. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांत ह्या प्रश्नाचें एक फार बोधप्रद उदाहरण आहे. तो खटला खुनाचा नसून राजद्रोहाचा होता. परंतु त्या काळीं सरकारच्या दृष्टीनें तो आरोप खुनाइतकाच घोर होता, आणि त्याच्या मागें खऱ्या खुनाची छायाही होती.

२२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचे अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडण्यांत आली, व पुढें थोड्याच दिवसांत ते मरण पावले. इंग्रजी पत्रांनीं एकच काहूर माजविलें. २७ जुलै रोजीं लोकमान्य टिळक ह्यांस मुंबईंत राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. मॅजिस्ट्रेटानें जामीन नाकारला. पुढें ऑगस्टच्या आरंभीं उच्च न्यायालयाचे न्या. बद्रुद्दिन तय्यबजी ह्यांनीं तो दिला. क्षोभाच्या त्या दिवसांतही आरोपी खटल्यास हजर राहील कीं नाहीं, हाच त्यांनीं मुख्य प्रश्न मानला. त्या वेळीं टिळकांच्या बाजूनें जामिनासाठीं झगडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनंतर, १९०८ सालीं, मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर लिहिलेल्या लेखांवरून टिळकांस पुन्हां अटक झाली. आतां दावर हे न्यायासनावर होते. बॅरिस्टर महंमदअली जिना ह्यांनीं टिळकांच्या वतीनें जामीन मागितला, न्या. दावर ह्यांनीं तो नाकारला. आरोपी तोच, कलम तेंच, वकील म्हणून एकदां ज्यांनीं ही बाजू मांडली तेच गृहस्थ. निकाल मात्र उलट. दोन्ही वेळां टिळक पुढें दोषी ठरले, हें खरें. परंतु जामिनाचा हुकूम बरोबर होता कीं चूक, हें मागाहून लागलेल्या निकालावरून ठरत नाहीं. १८९७ सालीं जामिनावर सुटलेले टिळक ठरल्या दिवशीं न्यायालयांत उभे राहिले; त्यांच्या हाजीरजामिनाचें वचन पुरें झालें. आरोपाचें नांव कितीही भयंकर असो, त्या नांवानेंच न्यायाधीशाचा विचार थांबतां कामा नये, हा ह्या इतिहासाचा बोध आहे.

आतां आम्ही लेखाच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळतों. जामीन नाकारणें ही शिक्षा नव्हे, असें आम्हीं म्हटलें. परंतु तुरुंगाच्या भिंतीस हा भेद कळत नाहीं. शिक्षा झालेल्या कैद्यावर जें दार बंद होतें तेंच दार न्यायाधीन कैद्यावरही बंद होतें. भेद खरा ठरावयाचा असेल, तर तो काळानेंच ठरेल : खटला लवकर चालला, तर तो अटकाव, वर्षानुवर्षें न चालला, तर ती निकालावांचून भोगलेली शिक्षा.

कायद्यानें ह्या बाबतींत कांहीं मर्यादा घातल्या आहेत. अटक झालेल्या इसमास प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटापुढें उभें केलें पाहिजे, असें संविधानाचें २२ वें कलम सांगतें. देहान्त, जन्मठेप किंवा दहा वर्षें अथवा अधिक कारावास ह्या शिक्षांस पात्र गुन्ह्यांत तपास ९० दिवसांत पुरा होऊन आरोपपत्र दाखल झालें नाहीं, तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीस सोडावें लागतें. मग गुन्हा खुनाचा कां असेना. पुढें ४७९ व्या कलमानें असेंही ठरविलें आहे कीं, न्यायाधीन कैद्यानें आपल्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असल्यास एकतृतीयांश काळ, तुरुंगांत घालविला असेल तर त्याच्या सुटकेचा विचार व्हावा. परंतु हें दार देहान्त व जन्मठेपेच्या गुन्ह्यांस बंद आहे. म्हणजे आरोपपत्र वेळेवर दाखल झालें कीं, खुनाच्या आरोपीस दिवसांच्या हिशेबानें मोजलेली कोणतीही निश्चित मर्यादा उरत नाहीं. त्याला आधार राहतो तो संविधानाच्या २१ व्या कलमाचा, आणि त्या कलमांत खटला त्वरेनें चालण्याचा हक्क सामावलेला आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७९ सालीं बिहारच्या कैद्यांच्या प्रकरणांत सांगितलें. त्या प्रकरणांत असे लोक उजेडांत आले कीं, ज्यांचा गुन्हा शाबीत झाला असता तरी जितकी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ ते खटल्यावांचून तुरुंगांत होते.

ही गोष्ट केवळ इतिहासजमा झालेली नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालच्या अखेरीस भारताच्या तुरुंगांत एकंदर ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे शेंकडा ७५.८, न्यायाधीन होते. चार कैद्यांत तिघे असे कीं, ज्यांच्याविषयीं न्यायालयानें अद्यापि शेवटचा शब्द उच्चारलेला नव्हता. त्यांत खरोखर खून केलेले असतील. आणि खोट्या आळानें, चुकीच्या ओळखीनें, किंवा केवळ त्या वाटेनें गेले म्हणून पकडलेलेही असतील. कोण कसला, हें सांगण्याचें साधन एकच : खटला. पांच-सहा वर्षांनीं जो निर्दोष सुटतो त्याचीं तीं वर्षें त्यास कोण परत देणार? त्याचीं लेंकरें तोंपर्यंत शाळा सोडून कामास लागलेलीं असतात.

पवित्र शास्त्रांत ह्या अन्यायाचें एक चित्र आहे. पौलास कैसरिया येथें सुभेदार फेलिक्स ह्याच्यापुढें आणलें. आरोप ऐकून घेतले, प्रकरण पुढें ढकललें, आणि निकाल न देतां दोन वर्षें तसेंच ठेवलें. फेलिक्स त्यास वारंवार बोलावी, कारण कांहीं द्रव्य मिळेल अशी त्यास आशा होती; आणि अधिकार सोडून जातांना लोकांची मर्जी राखण्याकरितां त्यानें पौलास बंदींतच ठेविलें. ह्या गोष्टींत निकाल लांबविण्याचीं दोन कारणें सांगितलीं आहेत, लांच आणि लोकानुनय. आळस हें तिसरें आपण आपल्या अनुभवानें जोडावें.

ह्या सर्वांवरून आमचें मत असें बनतें. घोर व हिंसक अपराधाच्या आरोपांत जामीन नाकारण्याचा अधिकार न्यायालयास असलाच पाहिजे. तो नसेल, तर गरीब साक्षीदार आणि मृताचें कुटुंब ह्यांस न्यायालयाचें दार असून नसल्यासारखें होईल. परंतु तो अधिकार आरोपाच्या नांवावर न चालतां पुराव्यावर व धोक्यावर चालावा. अटींनीं काम भागत असेल, तर अटी घालाव्यात. आणि ज्या दिवशीं न्यायालय जामीन नाकारतें त्या दिवसापासून तो खटला इतरांच्या आधीं चालविण्याचें ऋण सरकारवर चढतें, असें मानावें. जेथें हें ऋण फिटत नाहीं, तेथें आरंभीं रास्त असलेला हुकूमही कालांतरानें अन्याय्य होतो. त्या विधवेलाही विलंबानें कांहीं लाभत नाहीं. साक्षीदार मरतात, स्मृति पुसट होते, आणि तिच्या दुःखावर निकालाची मोहर उमटतच नाहीं.

विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस आमची शेवटची विनंति आहे. कोणी पकडला गेल्याची बातमी वाचून त्यास खुनी म्हणूं नका; तो आरोपी आहे. त्याचीं मुलें तुमच्याच वर्गांत बसत असतील, तर त्यांस त्या आरोपाचा भार वाहावयास लावूं नका. कोणास जामीन मिळाल्याचें ऐकून न्यायालय विकलें गेलें, अशी हाकाटी करूं नका. हुकुमांत कारणें दिलेलीं असतात, तीं आधीं वाचा. आणि कधीं काळीं एखादा अपराध तुमच्या डोळ्यांदेखत घडलाच, तर जें पाहिलें तें सांगण्यास कचरूं नका. जेथें साक्षीदार निर्भय असतात, तेथें साक्षीच्या रक्षणाकरितां आरोपीस कोंडून ठेवण्याचे प्रसंग थोडे येतात. कायदा पुस्तकांत कितीही नीट लिहिला, तरी तो शेवटीं खरें बोलणाऱ्या माणसांच्या आधारावरच उभा राहतो.